पंपरूममधला माणूस

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त लोणावळ्यात दिलेल्या स्मृती व्याख्यानाचा लिखित मसुदा)



१४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. ज्या ६६ जणांमुळे तो पाळला जातो, त्यांच्या स्मरणार्थ आजचं हे व्याख्यान. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटातून धूर येऊ लागला. आत कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. बंब आले, होज सोडले, जहाजात ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं. धूर इतका दाट, की आग नेमकी कुठे बसलीय हेच कुणाला कळेना. जहाजाभोवतीचं पाणी उकळायला लागलं. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले.

त्यांच्या धैर्याबद्दल दरवर्षी बोललं जातं, आणि बोललंच पाहिजे. मला मात्र आज त्या ९०० टन पाण्यापासून सुरुवात करायची आहे. आगीचं मूळ सापडलं नाही की पाणी असं वाया जातं. आमच्या कामात पाणी मारण्याइतकाच वेळ आग शोधण्यात जातो. धुरात, गुडघ्यांवर, भिंतीला हात लावत. स्प्रिंकलरला हे करावं लागत नाही. तो आधीच छताला बसलेला असतो आणि आग स्वतःच्या पायानं त्याच्याखाली येते.

मी इथे एक स्प्रिंकलर आणलाय. नंतर पुढे येऊन हातात घेऊन बघा. मुठीत मावेल एवढी पितळेची वस्तू आहे. मधोमध काचेची बारीक लाल कुपी, तिच्यात द्रव आणि एक छोटा बुडबुडा. छताजवळची हवा तापली की द्रव फुगतो, बुडबुडा नाहीसा होतो, आणि कुपी ६८ अंशांना पोचली की काच फुटते. त्या काचेनंच दाबून धरलेलं झाकण उडतं, पाणी सुटतं आणि खालच्या दातेरी चकतीवर आपटून चहूकडे पसरतं. संपलं यंत्र. ना वीज, ना सेन्सर, ना कुणी बटण दाबायला हवं.

सिनेमात एकानं लायटर धरला की अख्ख्या हॉटेलात पाऊस पडतो. ते सिनेमात. खऱ्या इमारतीत ज्याची कुपी तापली तोच एक स्प्रिंकलर उघडतो. शेजारच्या खोलीतला कोरडाच राहतो. कुपीचा रंगही शोभेसाठी नसतो. लाल ६८ अंशांची, पिवळी ७९ ची, हिरवी ९३ ची, निळी १४१ ची. जागेतल्या नेहमीच्या तापमानापेक्षा ती निदान ३० अंशांनी वर असावी लागते. म्हणून आपल्याकडे चिक्कीच्या कारखान्यात गुळाच्या कढईवर लाल कुपी लावली तर ती एखाद्या मे महिन्यात आग नसतानाच फुटेल, आणि मग मालक वैतागून सगळी लाइनच बंद करून ठेवील. तिथे हिरवी किंवा निळी हवी.

पाण्याचा हिशोब सांगतो. नेहमीच्या वापरातला एक स्प्रिंकलर एक किलो दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी सोडतो. ‘किलो’ म्हणजे चौरस सेंटीमीटरवर एक किलो; आमचे पंप ऑपरेटर नुसतं किलोच म्हणतात. चार उघडले तर मिनिटाला ३२०. उलट आमच्या साध्या बंबात ४,५०० लिटर पाणी असतं आणि होजच्या एका धारेनं मिनिटाला ४५० लिटर मारलं तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. तेसुद्धा आम्ही पोचल्यावर. स्प्रिंकलर तोपर्यंत कितीतरी वेळ काम करत असतो.

ही वस्तू मॉल आणि मल्टिप्लेक्सबरोबर आपल्याकडे आली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १८७४ मध्ये अमेरिकेत न्यू हेवनच्या हेन्री पार्मलीनं ती आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी बनवली, फ्रेडरिक ग्रिनेलनं सुधारली, आणि १८८३ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम मॅथरनं तिचे अमेरिकेबाहेरचे हक्क घेतले. ‘मॅथर अँड प्लॅट’ हे नाव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. चिंचवडला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा पंपांचा कारखाना. आता नावाच्या आधी ‘विलो’ लागलंय. आणि आपल्या देशात सुरुवातीला ज्यांनी स्प्रिंकलर बसवले त्यांत जमशेटजी टाटा होते, १८७७ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये. सूत, कापूस, तेलकट फरशी आणि हजारो कामगार. जमशेटजींना या वस्तूची किंमत कुणी समजावून सांगावी लागली नाही.

याच जमशेटजींच्या मनात आपल्या घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून त्याची वीज करायचं होतं. ते १९०४ मध्ये गेले. १९११ मध्ये त्या कामाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तळ्यांचं पाणी खोपोलीला पाचशे मीटरहून जास्त खाली उतरतं. दर दहा मीटरला एक किलो दाब, म्हणजे खाली पन्नास किलोहून जास्त. एवढ्यावर चाकं फिरतात. हा हिशोब आम्ही नव्या पोरांना इथेच, खंडाळ्याच्या पाणी खाली नेणाऱ्या पाइपांकडे बोट दाखवून शिकवतो. कारण इमारतीत तोच हिशोब उलटा चालतो. २४ मीटर उंच हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर पाणी न्यायचं तर चढण्यातच जवळजवळ अडीच किलो गेले. पाइपातलं घर्षण वेगळं. वरती स्प्रिंकलरच्या तोंडाशी काय उरतं, ते खाली पंपरूममध्ये ठरतं.

आता मावळाकडे येऊ. आपल्याकडे बंब आहेत: लोणावळा नगरपरिषदेचे, तळेगाव दाभाडेचे, एमआयडीसीचे, पीएमआरडीएचे. एक्स्प्रेसवेवर ‘देवदूत’ ही बचाव गाडी असते. नौदलाच्या आयएनएस शिवाजीचे लोक अडीनडीला धावून येतात, ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव पथकाची पोरं दोर घेऊन हजर असतात. १३ जून २०२३ ला कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला, पेटतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं, चार जण गेले. त्या दिवशी यांतले बहुतेक सगळे तिथे होते. उघड्या रस्त्यावर स्प्रिंकलर नसतो. तिथे माणसं आणि फोम, एवढंच.

पण त्याच वेळी पवना धरणाच्या काठच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये वर्दी आली असती तर? किंवा जुलैतल्या एखाद्या रविवारी दुपारी, जेव्हा कुमार चौकापासून भुशी धरणापर्यंत गाडीला गाडी चिकटलेली असते? सायरन वाजवून काही होत नाही, समोरच्यालाच जायला जागा नसते. दुधिवरे खिंड ओलांडून पावसात मोठा बंब न्यायला किती वेळ लागतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की मावळात स्प्रिंकलर ही इमारतीच्या दाखल्यासाठी लावायची वस्तू समजू नका. तो तुमच्याकडे आधीच पोचलेला पहिला फायरमन आहे. आणि आम्ही पोचल्यावर आमचं पहिलं काम त्याला बाजूला सारण्याचं नाही, त्याच्या पाठीशी उभं राहण्याचं आहे.

हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात आमचा सगळा सराव याच्या उलट असतो. गाडी थांबली की होज उलगडायचा, ब्रँच, म्हणजे होजचं पितळी तोंड, हातात घ्यायची आणि आत घुसायचं. स्प्रिंकलर असलेल्या इमारतीत आधी दोन माणसं दुसरीकडेच जायला हवीत. एक रस्त्याकडेच्या इनलेटपाशी आणि एक पंपरूममध्ये.

इनलेट म्हणजे कंपाउंडच्या भिंतीपाशी किंवा पोर्चजवळ लाल पेटीत असलेली पितळी तोंडं. आमचा ६३ मिलिमीटरचा होज तिथे खटकन बसतो. बंबाच्या पंपातून तिथे पाणी ढकललं की ते थेट इमारतीच्या पाइपांत जातं आणि वरच्या उघडलेल्या स्प्रिंकलरना मिळतं. इमारतीचा पंप बंद असो, टाकी रिकामी असो, वीज गेलेली असो. सात ते दहा किलोवर ठेवा आणि बघा. अनेक ठिकाणी या तोंडांपुढे कुंड्या मांडलेल्या दिसतात. एके ठिकाणी तर तिथे ‘सेल्फी पॉइंट’चा फलक होता. एका हॉटेलात इनलेटवर ‘स्प्रिंकलर’ लिहिलंय की ‘हायड्रंट’ हेच कुणाला माहीत नव्हतं, कारण नवा रंग मारताना ती अक्षरं रंगाखाली गेली होती.

या एका तोंडाचं महत्त्व किती, ते फिलाडेल्फियात दिसलं. २३ फेब्रुवारी १९९१ च्या संध्याकाळी वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २२ व्या मजल्यावर आग लागली. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या कंत्राटदाराच्या माणसांनी तिथेच टाकल्या होत्या. वर पोचलेल्या जवानांच्या होजला दाबच मिळेना, कारण पाइपावरचे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे बसवलेले होते. तीन जवान गेले. रात्रभर लढून शेवटी इमारत पडेल या भीतीनं सगळ्यांना बाहेर काढलं. आग मजल्यामागून मजला चढत ३० व्या मजल्यावर आली. त्या मजल्यावर एका भाडेकरूनं आपल्यापुरते स्प्रिंकलर बसवून घेतले होते. दहा उघडले. खाली रस्त्यावरचे बंब इनलेटमधून त्यांना पाणी देत होते. आठ मजले खाऊन आलेली आग त्या दहांनी तिथे थांबवली. माणसं बाहेर होती, पाणी आत लढत होतं.

आता दुसरा माणूस, पंपरूममधला. आज जे सांगायचंय ते सगळं त्याच्याबद्दलच आहे.

तो तळघरात जातो. आधी तपासतो, की पंपाचं पॅनल ‘ऑटो’वर आहे की कुणी ‘मॅन्युअल’वर करून ठेवलंय. जॉकी पंप, म्हणजे पाइपांतला दाब नेहमी राखणारा छोटा पंप, चालू आहे की ट्रिप. मुख्य पंप सुरू झाला का. नसला तर डिझेल पंपाची बॅटरी जिवंत आहे का. मग तो मोठा चाकाचा व्हॉल्व्ह बघतो. त्याचा दांडा बाहेर आलेला असला तर व्हॉल्व्ह उघडा, आत गेलेला असला तर बंद. टाकीत पाणी किती, हे बघून वायरलेसवर वर कळवतो. आणि मग तिथेच थांबतो. काहीही न करता. आग पूर्ण विझेपर्यंत.

हे थांबणं सर्वांत अवघड. कारण याच वेळी हॉटेलचा मॅनेजर धावत येतो. “साहेब, आग विझली, आता पाणी बंद करा, तिसऱ्या मजल्याचे गालिचे गेले, खाली रिसेप्शनमध्ये पाणी आलं!” सोसायटी असेल तर सेक्रेटरी येतो. त्यांचं नुकसान होत असतं, त्यांचं चुकत नाही. पण धुरानं भरलेल्या खोलीत आग विझलीय हे मॅनेजरला कसं कळलं? स्प्रिंकलरचं काम आग कह्यात ठेवण्याचं आहे. पलंगाखाली, कपाटाआड, सोफ्याच्या पाठीमागे पाणी पोचत नाही, तिथे ती दबा धरून बसते. व्हॉल्व्ह बंद केला की दहा मिनिटांत खोली पुन्हा पेटते, आणि तेव्हा आमची माणसं आत असतात. जगभरात स्प्रिंकलर असूनही जळून गेलेल्या इमारतींच्या चौकशीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा निघते: व्हॉल्व्ह आधीच बंद होता, किंवा घाईनं बंद केला होता.

म्हणून आमचा नियम: आत आगीपाशी पोचलेला अधिकारी वायरलेसवर स्वतः “बंद करा” म्हणेपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. आणि बंद केल्यावरही माणूस तिथेच राहील, चाकावर हात ठेवून, कारण “उघडा” हा हुकूम कधीही येऊ शकतो. एखाद्याच खोलीतलं पाणी थांबवायचं असेल तर सगळी लाइन मारायची गरज नसते. फायरमनच्या खिशात दोन लाकडी पाचरा असाव्यात. उघड्या स्प्रिंकलरच्या तोंडात दोन्ही बाजूंनी दाबून बसवल्या की तेवढाच बंद होतो, बाकीची इमारत राखलेली राहते. दोन रुपयांची वस्तू, पण बऱ्याच गाड्यांवर ती नसते.

आत जाणाऱ्यांसाठीही गोष्टी बदलतात. एरवी धूर गरम असतो, छताला जातो, खाली निदान गुडघ्याएवढी स्वच्छ हवा मिळते आणि आम्ही तीतून रांगत जातो. स्प्रिंकलर चालू असला की पाण्यानं धूर गार होतो आणि गार धूर खाली बसतो. उष्णता कमी, पण दिसत काहीच नाही. त्यामुळे बी.ए. सेट, म्हणजे श्वासासाठी हवेचं सिलिंडर आणि मुखवटा, लावूनच आत जायचं, थर्मल कॅमेरा असला तर तो घेऊन, आणि होजची लाइन कधी सोडायची नाही. हवा खेळती करायची, पण आग कुठे आहे ते कळल्यावर. आणि होजला पाणी घ्यायचं ते शक्यतो बंबातून किंवा बाहेरच्या हायड्रंटवरून. आपल्याकडे अनेक इमारतींत स्प्रिंकलर आणि हायड्रंट एकाच टाकीवर असतात. तुम्ही आत दोन मोठ्या धारा सुरू केल्या आणि वरच्या स्प्रिंकलरचं पाणी तोडलं, तर कुणाला मदत केली? टाकी भरत राहण्यासाठी बाहेर टँकर लावा. लोणावळ्यात उन्हाळ्यात निम्मी हॉटेलं टँकरवरच चालतात, तेव्हा टँकरवाल्यांचे नंबर स्टेशनात असायलाच हवेत.

गोदामांचं दुखणं वेगळं. तळेगाव-चाकण पट्ट्यात दहा-दहा मीटर उंच रॅकची गोदामं उभी राहिली आहेत. तिथला स्प्रिंकलर विशिष्ट मालासाठी, विशिष्ट उंचीसाठी आखलेला असतो. मालक बदलतो, माल बदलतो, पाइप तेच राहतात. २१ जून १९८२ ला अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या के-मार्टच्या १२ लाख चौरस फुटांच्या गोदामात स्प्रिंकलर होते. आग एरोसोलच्या डब्यांना लागली. डबे पेटत उडत एका भागातून दुसऱ्या भागात गेले आणि पाहता पाहता सगळं गोदाम गेलं. म्हणून गोदामाच्या वर्दीवर आमचा पहिला प्रश्न ‘आत काय आहे?’ हाच असतो. स्प्रे, सॅनिटायझर, लिथियम बॅटऱ्या असं उत्तर आलं तर बाहेरूनच लढायची तयारी आधी ठेवायची.

पाण्याच्या वजनाबद्दल थोडं. शेजारी आयएनएस शिवाजीत नौसैनिकांना आग आणि जहाजाचं नुकसान आवरण्याचं शिक्षण मिळतं. समुद्रात बाहेरून बंब येत नाही, म्हणून जहाजावरचा प्रत्येक जण फायरमन. आणि ओतलेलं प्रत्येक बादलीभर पाणी बाहेर कसं काढायचं हेही त्यालाच बघायचं असतं. २१ जुलै २०२४ ला मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस ब्रह्मपुत्रावर आग लागली. ती विझली, आणि दुसऱ्या दिवशी जहाज एका अंगावर कलंडलं. एका नौसैनिकाचा जीव गेला. इमारत कलंडत नाही, पण घनमीटरभर पाणी तिथेही टनभरच असतं. ते लिफ्टच्या खड्ड्यात, तळघरातल्या विजेच्या पॅनलवर, आणि हो, पंपरूममध्येच उतरतं. तळघरातला पंपच पाण्याखाली गेला तर वरचे स्प्रिंकलर काय करणार? म्हणून एक-दोन माणसं ताडपत्र्या घालायला, पाणी जिन्यानं बाहेर वळवायला आणि मीटरची वीज तोडायला लावावी लागतात. हे काम कुणाला आवडत नाही. फोटो निघत नाहीत.

पाणी नुसतं जवळ असूनही भागत नाही. पुण्यात शनिवारवाड्यात हजारी कारंजं होतं. कात्रजहून आणलेलं पाणी त्या वाड्यात खेळत होतं. आणि १८२८ च्या फेब्रुवारीत तो वाडा पेटला तो सात दिवस जळत राहिला. पाणी होतं, नळ होते, पण ते आगीपर्यंत नेण्याची सोय नव्हती. आज आपल्या हॉटेलांतही पोहण्याचा तलाव असतो, कृत्रिम धबधबा असतो, आणि फायरची टाकी निम्मी.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा, अंमलात आला ६ डिसेंबर २००८ पासून. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून दर जानेवारी आणि जुलैत ‘नमुना ब’ हा दाखला द्यायचा. कागद येतात. माझी विनंती एवढीच, की सही करायच्या आधी सेक्रेटरीनं किंवा मॅनेजरनं एजन्सीच्या माणसाबरोबर स्वतः पंपरूममध्ये उतरावं. किल्ली कुणाकडे आहे ते बघावं. रात्री दोन वाजता ती पुण्याला राहणाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या खिशात असून चालत नाही. उघड्या व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी आणि कुलूप घालून घ्यावं. टेस्ट व्हॉल्व्ह उघडायला सांगावा आणि घंटा वाजते का ते कानांनी ऐकावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि आग विझल्यावर आमची गाडी निघण्याआधी एक काम राहतं. फुटलेल्या कुप्यांच्या जागी तेवढ्याच अंशांचे नवे स्प्रिंकलर बसवायचे. ते आणि ते बसवायचा पाना पंपरूममधल्या छोट्या लाल पेटीत असायला हवेत. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, दाब चढलेला गेजवर बघायचा, पॅनल ‘ऑटो’वर टाकायचं आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. पेटीत सुटे स्प्रिंकलर नसतील तर तेवढा भाग बंद करून बाकीचा उघडायचा, आणि नवे येईपर्यंत त्या मजल्यावर पहारा ठेवायचा. मॅनेजर म्हणेल, उद्या करू, पाहुणे झोपलेत. नाही म्हणायचं.

आता प्रश्न विचारा. आणि समोर ठेवलेला हा स्प्रिंकलर हातात घ्या, पण कुपी जपून; पोरांनी दाबली तर फुटेल.